निळा बोल्ट कशाचा?
(इंजिनाच्या दागिन्यांतील रंगांचे विज्ञान)

मोटारीचे बॉनेट उघडले की आत काय दिसते? तेलाने माखलेले इंजिन, काळ्या रबरी नळ्या, धूळ आणि काजळी. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेच चित्र येईल. जपानमध्ये मात्र बॉनेटखालची ही जागा पाहण्यासाठी लोक तिकीट काढून रांगा लावतात. तोक्योजवळ माकुहारी येथे जानेवारीत ‘तोक्यो ऑटो सलोन’ नावाचे प्रदर्शन भरते. फेरफार केलेल्या मोटारींसाठी १९८३ मध्ये ते सुरू झाले. तेथे अनेक गाड्यांची बॉनेट मुद्दाम उघडी ठेवलेली असतात. आत लालभडक व्हॉल्व्ह कव्हर, जांभळे तेलाचे झाकण, निळे बोल्ट आणि सोनेरी-जांभळ्या-निळ्या छटांनी नटलेली एक्झॉस्टची नळी दिसते.

या हौसेमागे काही विशिष्ट इंजिने आहेत. १९८९ मध्ये निस्सानने स्कायलाइन जीटी-आर या गाडीत सहा सिलिंडरांचे आणि दोन टर्बोचार्जरांचे सुमारे २.६ लिटरचे ‘आरबी२६’ इंजिन बसवले. १९९३ च्या टोयोटा सुप्रामध्ये तीन लिटरचे ‘२जेझेड’ आले. होंडाने १९९५ मध्ये इंटेग्रा गाडीची ‘टाइप आर’ आवृत्ती काढली. ही इंजिने मुळातच दणकट असल्यामुळे त्यांच्यातून अधिक शक्ती काढण्यासाठी जोडभाग बनवणाऱ्यांचा उद्योग जपानमध्ये चांगलाच फोफावला. या उद्योगातील ‘एचकेएस’ ही कंपनी तर १९७३ पासूनची आहे. १९९५ मध्ये जपान सरकारने गाड्यांमधील फेरफारांवरचे नियम बरेच सैल केले, त्याचाही या बाजाराला हातभार लागला.

हे जोडभाग दोन प्रकारचे असतात. एका प्रकाराने इंजिनाची शक्ती वाढते. दुसऱ्याने केवळ रूप खुलते. या दुसऱ्या प्रकाराला जपानीतही ‘ड्रेस-अप’ हाच इंग्रजी शब्द जपानी उच्चाराने रुळला आहे. आपण त्यांना इंजिनाचे दागिने म्हणू. रंगीत बोल्ट, वॉशर, तेलाचे झाकण, रेडिएटरचे झाकण, बॅटरी धरून ठेवणारी पट्टी अशी त्यांची यादी मोठी आहे.

शक्ती वाढवणाऱ्या भागांवर पुष्कळ लिहिले जाते. दागिन्यांकडे मात्र विज्ञानाच्या दृष्टीने फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक प्रकाशशास्त्र, विद्युत-रसायन आणि धातुविज्ञान यांचे कितीतरी धडे या छोट्या वस्तूंमध्ये आहेत. आपण या लेखात एकच साधा प्रश्न घेऊ. टेबलावर एकाच मापाचे तीन बोल्ट ठेवले आहेत. तिन्ही निळे आहेत. एक ॲल्युमिनियमचा, एक टायटॅनियमचा आणि एक पोलादाचा. त्यांचा निळा रंग एकाच कारणाने आला आहे का? आणि नुसता रंग पाहून बोल्ट कशाचा, किती मजबूत, हे सांगता येईल का?

वरून दिलेला रंग

सुरुवात सर्वांत सोप्या रंगापासून, म्हणजे वरून लावलेल्या रंगापासून करू. इंटेग्रा टाइप आरच्या इंजिनावरील लाल कव्हर प्रसिद्ध आहे. या लाल रंगात रंगद्रव्याचे बारीक कण असतात. पांढऱ्या प्रकाशातील निळा-हिरवा भाग ते शोषून घेतात आणि तांबडा भाग परत पाठवतात. जास्वंदाचे फूल किंवा पोस्टाची पेटी तांबडी दिसते, तेही असेच.

या कव्हराचा पृष्ठभाग गुळगुळीत नसून बारीक सुरकुत्यांचा असतो. या सुरकुत्या मुद्दाम आणलेल्या असतात. अशा रंगाचा वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो. त्या वेळी खालचा थर अजून मऊच असतो. घट्ट होताना वरचा पापुद्रा आडवा पसरू पाहतो, पण पसरायला जागा नसते. मग तो जागोजागी वर-खाली दुमडतो. निवत्या दुधावरची साय पेला हलवला की कशी सुरकुतते ते आठवावे. सुरकुत्यांचा व्यावहारिक फायदाही आहे. ओतकाम केलेल्या धातूचा खडबडीतपणा आणि बारीकसारीक खोट त्यांच्याखाली झाकली जाते.

होंडाने हा लाल रंग खूण म्हणून वापरला. निस्सानने २००२ मध्ये जीटी-आरच्या ‘न्यूर’ या आवृत्तीत सोनेरी कव्हर दिले, तेही असेच. येथे रंग म्हणजे कारखान्याने लावलेली पाटी होय. ती खरी आहे तोवर तिला अर्थ आहे. मात्र तोच रंग डब्यातून विकत आणून कोणालाही कोणत्याही कव्हरावर मारता येतो.

छिद्रांत मुरलेला रंग

आता पहिला निळा बोल्ट, ॲल्युमिनियमचा. त्याचा रंग नखाने खरवडून निघत नाही. धातूचा चकचकीतपणा रंगातून आरपार दिसतो. हा रंग धातूच्या वर बसलेला नसून पृष्ठभागावरच्या ऑक्साइडमध्ये मुरलेला आहे.

ॲल्युमिनियम हवेत उघडे राहिले की त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर आपोआप तयार होतो. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) हा थर विजेच्या साहाय्याने हजारो पटींनी जाड करता येतो. ॲल्युमिनियमची वस्तू सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवून तिला धनाग्र करायचे आणि साधारण १२ ते २० व्होल्टचा एकदिश प्रवाह सोडायचा. यालाच धनाग्रीकरण किंवा ॲनोडायझिंग म्हणतात. या तंत्राचा औद्योगिक वापर १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग गंजू नयेत म्हणून सुरू झाला. त्या वेळी क्रोमिक आम्ल वापरत. सल्फ्युरिक आम्लाची पद्धत १९२७ मध्ये आली.

या क्रियेत दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. विजेमुळे ऑक्साइड तयार होत राहतो आणि आम्ल त्याला थोडेथोडे विरघळवत राहते. या ओढाताणीतून ऑक्साइडमध्ये सरळ, उभी, अतिसूक्ष्म छिद्रे तयार होतात. ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एकमेकींना लागून असतात. छिद्राचा व्यास दहा-वीस नॅनोमीटरच्या घरात असतो, त्यामुळे एका चौरस मिलिमीटरवर अशी कोट्यवधी छिद्रे मावतात. थराची जाडी मात्र ५ ते २५ मायक्रोमीटर असते. म्हणजे प्रत्येक छिद्र ही स्वतःच्या रुंदीच्या शेकडो पट खोल अशी विहीरच म्हणायची.

या विहिरींत रंग भरतात. वस्तू रंगाच्या द्रावणात बुडवली की रंगाचे रेणू छिद्रांत शिरून भिंतींना चिकटतात. नंतर ती उकळत्या पाण्यात ठेवतात. पाण्याशी संयोग होऊन ऑक्साइड फुगतो, छिद्रांची तोंडे मिटतात आणि रंग आत कोंडला जातो. आपल्या स्वयंपाकघरातील काळसर राखाडी ‘हार्ड ॲनोडाइज्ड’ तवा किंवा कढई याच कुळातली आहे. फरक इतकाच की तेथे थर अधिक जाड आणि कठीण असतो.

जांभळी झाकणे आणि निळे वॉशर काही वर्षांत फिके का पडतात, याचे उत्तरही येथेच मिळते. कोंडलेला रंग बहुधा कार्बनी रसायन असतो. ऊन आणि उष्णता यांनी त्याचे रेणू मोडतात. ऑक्साइड शाबूत राहतो, धातू शाबूत राहतो, पण रंग उडतो. टर्बोचार्जरजवळ बसवलेला दागिना लवकर विटतो तो यामुळेच.

रंगाविना रंग

दुसरा बोल्ट टायटॅनियमचा. हा धातू जपानला चांगला परिचित आहे. १९५० च्या दशकापासून जपानमध्ये टायटॅनियमचे उत्पादन होते. तोक्योतील सुप्रसिद्ध सेन्सोजी मंदिराच्या मुख्य सभागृहावर २०१० मध्ये टायटॅनियमची कौले चढवली, ती वजनाने हलकी आणि न गंजणारी म्हणून. मोटारींतही हेच दोन गुण कामी येतात. पोलादाची घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, तर टायटॅनियमची ४.५.

टायटॅनियमचेही धनाग्रीकरण करतात. पण येथे असे द्रावण वापरतात की जे टायटॅनियमचा ऑक्साइड विरघळवत नाही. त्यामुळे छिद्रे पडत नाहीत. घट्ट, पारदर्शक आणि अतिशय पातळ असा थर तयार होतो. या थरात कोणताही रंग भरलेला नसतो. तो ज्या टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो, त्याचीच बारीक पूड घराच्या भिंतींना द्यायच्या पांढऱ्या रंगात वापरतात. मग बोल्ट निळा कसा?

साबणाचा फुगा आठवा. साबणाच्या पाण्याला रंग नसतो, पण फुग्यावर इंद्रधनुष्य खेळते. पातळ पडद्याच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठांवरून प्रकाश परावर्तित होतो. मागून येणाऱ्या लहरीला थोडे अधिक अंतर कापावे लागते. दोन लहरी एकत्र येताना काही रंगांचे उंचवटे उंचवट्यांशी जुळतात आणि ते रंग उजळतात. काहींचे उंचवटे खळग्यांशी जुळतात आणि ते रंग पुसले जातात. यालाच प्रकाशाचे व्यतिकरण म्हणतात.

आता थोडा हिशेब करू. समजा ऑक्साइडची जाडी ६० नॅनोमीटर आहे. आत जाऊन परत येण्याचे अंतर १२० नॅनोमीटर. ऑक्साइडचा अपवर्तनांक सुमारे २.४ असल्याने प्रकाशाच्या दृष्टीने हे अंतर १२० × २.४ = २८८ नॅनोमीटर झाले. पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५८० नॅनोमीटरच्या आसपास असते. म्हणजे मागची लहर बरोबर अर्ध्या तरंगाने मागे पडली आणि पिवळा रंग पुसला गेला. पांढऱ्यातून पिवळा वजा केला तर उरतो निळा! (हा हिशेब ढोबळ आहे. धातूवरून परावर्तन होताना लहरीची कला थोडी बदलते, ती धरली तर आकडे जरा सरकतात. मूळ कल्पना तीच राहते.)

थर अगदी पातळ असेल तर आखूड तरंगलांबीचे जांभळे-निळे रंग आधी पुसले जातात आणि पृष्ठभाग पिवळसर सोनेरी दिसतो. थर वाढला की हिरवा पुसला जाऊन जांभळी छटा येते. आणखी वाढला की निळा. सोनेरी, जांभळा, निळा हा क्रम लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

थराची जाडी कारागीर कशी ठरवतो? व्होल्टेजने. ऑक्साइड वाढण्यासाठी आयनांना थरातून पलीकडे जावे लागते आणि त्यांना ढकलते ते थरातील विद्युतक्षेत्र. थर जसजसा जाड होतो, तसतसे तेच व्होल्टेज अधिक जाडीवर वाटले जाते आणि क्षेत्र दुबळे होते. शेवटी वाढ जवळजवळ थांबते. ढोबळमानाने दर व्होल्टमागे दोन नॅनोमीटर जाडी मिळते. तीसेक व्होल्टला निळा, पन्नाशीच्या पुढे फिका पिवळा, सत्तरच्या आसपास गुलाबी, शंभरच्या पुढे हिरवट असे रंग एकाच धातूवर, रंगाचा एक कणही न वापरता उमटतात.

येथे चलाख विद्यार्थी विचारील की साबणाच्या फुग्याचे रंग डोके हलवले की बदलतात, मग या बोल्टचा रंग फारसा का बदलत नाही? याचे उत्तर अपवर्तनांकात आहे. ६० अंशांनी तिरपे पाहिले, तर साबणाच्या पडद्यात (अपवर्तनांक १.३३) किरण सुमारे ४१ अंशांनी तिरपा जातो. टायटॅनियमच्या ऑक्साइडमध्ये तो फक्त २१ अंशांनी तिरपा होतो. पथांतर या कोनाच्या कोज्येप्रमाणे बदलते. म्हणून फुग्यात ते जवळजवळ २४ टक्क्यांनी घटते, बोल्टवर केवळ ७ टक्क्यांनी. बारावीच्या वर्गाला हे गणित जरूर करायला द्यावे.

लोहाराचा निळा

तिसरा बोल्ट पोलादाचा. त्याचा निळा रंग आपल्या गावच्या लोहाराला ठाऊक असतो. छिन्नीला पाणी देताना तो ती लालबुंद तापवून पाण्यात बुडवतो. पोलाद कडक होते, पण ठिसूळही होते. मग तो छिन्नी घासून चकचकीत करतो आणि पुन्हा हलकेच तापवतो. पृष्ठभागावर रंग चढू लागतात. साधारण २३० °से.ला गवती पिवळा, २६० च्या सुमाराला तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. धारदार हत्यार हवे तर पिवळ्यावर थांबायचे, छिन्नी हवी तर जांभळ्यावर, स्प्रिंग हवी तर निळ्यावर. तापमापक नसताना रंगावरून तापमान वाचण्याची ही विद्या शेकडो वर्षे जुनी आहे.

रंगांचा क्रम पाहा: पिवळा, जांभळा, निळा. तोच, टायटॅनियमवरचा! तापलेल्या लोखंडावर ऑक्साइडचा पातळ थर वाढत जातो आणि तेच व्यतिकरण घडते. एकीकडे वीज, दुसरीकडे उष्णता. थर वाढवण्याचे मार्ग वेगळे, रंगाचे कारण एकच. अर्थात रंग वेळेवरही अवलंबून असतो. कमी तापमानाला बराच वेळ ठेवले तरी थर वाढतो आणि रंग पुढे सरकतो. म्हणून लोहाराचा हात सवयीचाच लागतो.

टायटॅनियमच्या एक्झॉस्ट नळीवरील रंगही याच जातीचे, उष्णतेने आलेले. मात्र त्यासाठी पोलादापेक्षा बरेच अधिक तापमान लागते. पेट्रोल इंजिनावर पूर्ण भार असताना टर्बोत शिरणारे वायू ८०० ते ९०० °से. इतके तापलेले असू शकतात, तेव्हा ही नळी वापरता वापरता आपोआप रंगते. टायटॅनियम उष्णतेचा मंद वाहक आहे. ॲल्युमिनियमच्या तुलनेत त्याची वाहकता दहाव्या भागाच्या आसपास भरते. उष्णता दूर पसरत नाही, म्हणून रंगांचे पट्टे अरुंद आणि ठळक उमटतात. शौकिनांना या नळीचे ‘जळके निळे’ टोक फार आवडते. काही कारागीर तर ज्योत फिरवून ते मुद्दाम तयार करतात.

एकाच निळ्याचे दोन अर्थ

गंमत अशी, की शौकीन ज्या निळ्यावर खूश होतो, तोच निळा पाहून वेल्डिंग तपासणारा कपाळाला आठ्या घालतो. टायटॅनियम तापले की हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजन अधाशासारखे शोषून घेते. हे वायू धातूच्या आत शिरले तर सांधा ठिसूळ होतो. म्हणून टायटॅनियमचे वेल्डिंग करताना तापलेल्या भागावर निवेपर्यंत ऑर्गन वायूचे पांघरूण धरावे लागते. नळी असेल तर आतूनही. पांघरूण नीट राहिले तर सांधा चांदीसारखा निघतो. फिका पिवळा सहसा चालतो. निळा आला तर शंका घ्यायची आणि पांढरट राखाडी पापुद्रा दिसला तर सांधा बाद.

मग रंगीत नळी वाईट का? तसे नाही. प्रश्न आहे तो रंग केव्हा आणि कुठे आला याचा. सांधा निर्दोष होऊन निवल्यावर, वरून ज्योत फिरवून किंवा विजेने आणलेला रंग पृष्ठभागापुरताच असतो. त्याची जाडी केसाच्या हजाराव्या भागाइतकी. वेल्डिंग चालू असताना, धातू वितळलेला असताना आलेला निळा मात्र हवा आत शिरल्याची साक्ष देतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे अप्रामाणिक माणसाला एक सोय होते. वाईट सांध्याचा निळा सजावटीच्या निळ्यात सहज लपून जातो.

आणखी एक सोय नकली मालाची. ‘जळक्या’ रंगाची पुष्कळ टोके प्रत्यक्षात स्टेनलेस पोलादाची असतात. लोहचुंबकाने ती ओळखू येत नाहीत, कारण नेहमीच्या वापरातील स्टेनलेस पोलादालाही चुंबक सहसा चिकटत नाही. येथे आर्किमिडीज मदतीला येतो. वजन करावे, पाण्यात बुडवून आकारमान काढावे आणि भागाकार करावा. ७.९ च्या आसपास आले तर पोलाद, ४.५ आले तर टायटॅनियम, २.७ आले तर ॲल्युमिनियम.

बोल्टचे खरे काम

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. बोल्ट दागिना असला तरी तो काहीतरी धरून ठेवतो. सहा मिलिमीटर व्यासाच्या बोल्टचे आट्यांच्या जागी ताण पेलणारे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस मिलिमीटर असते. किती ताणाला तो तुटेल?

मोटारीत सर्रास वापरतात त्या ‘८.८’ दर्जाच्या पोलादी बोल्टची ताण-शक्ती दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन. म्हणजे तो १६,००० न्यूटनला, सुमारे १,६०० किलोग्रॅम भाराला तुटेल. दागिन्यांसाठी नेहमी लागणाऱ्या ‘६०६१’ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची कडक केलेल्या अवस्थेतील शक्ती सुमारे ३१० न्यूटन. त्याचा बोल्ट ६,२०० न्यूटनला, म्हणजे सुमारे ६३० किलोग्रॅमला जाईल. शिवाय हा मिश्रधातू २०० °से.च्या आसपास दीर्घकाळ राहिला तर त्याची निम्म्याहून अधिक शक्ती नाहीशी होते. टर्बोच्या शेजारी हे तापमान मुळीच दुर्मिळ नाही.

टायटॅनियमचे काय? सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असलेल्या टायटॅनियमच्या मिश्रधातूची शक्ती ९०० न्यूटनच्या वर जाते, म्हणजे हा बोल्ट पोलादी बोल्टच्या बरोबरीचा किंवा सरस. पण शुद्ध टायटॅनियमची नेहमीची प्रत साडेतीनशेच्या आसपासच असते. म्हणजे ‘हा टायटॅनियमचा आहे’ एवढे कळूनही पुरत नाही. आणि या दोन्ही प्रतींवर ३० व्होल्टला येणारा निळा जवळजवळ एकसारखाच!

बॅटरीवरचे झाकण किंवा नंबरप्लेट धरायला ॲल्युमिनियमचा रंगीत बोल्ट अगदी पुरेसा आहे. तेथे हौस जरूर भागवावी. पण ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सीटचा पट्टा, टर्बो अशा जागी मूळ पोलादी बोल्ट काढून तेथे केवळ रंगासाठी दुसरा बसवणे म्हणजे न वाचताच करारावर सही करण्यासारखे आहे. पोलादी बोल्टच्या डोक्यावर ‘८.८’ किंवा ‘१०.९’ असे आकडे उठवलेले असतात. हे आकडे दिसायला रंगाइतके देखणे नाहीत, पण बोल्टची खरी ओळख त्यांत आहे. दागिना म्हणून विकल्या जाणाऱ्या बोल्टवर ते नसतील तर विक्रेत्याला विचारावे. उत्तर मिळाले नाही तर तो बोल्ट महत्त्वाच्या जागी लावू नये.

रेडिएटरचे झाकणही असेच फसवे आहे. दिसायला ते निळे किंवा जांभळे झाकण, पण मुळात ती दाबाची झडप आहे. जपानी गाड्यांच्या झाकणांवर ०.९ किंवा १.१ असे आकडे असतात. ते दर चौरस सेंटिमीटरला किती किलोग्रॅम-भाराचा दाब झाकण रोखून धरील ते सांगतात. १.१ चे झाकण असले की आतले साधे पाणी १०० नव्हे, तर सुमारे १२१ °से.ला उकळते. आपल्या प्रेशर कुकरची शिटी हेच काम करते. झाकण बदलताना रंग जुळवण्याआधी हा आकडा जुळवायला हवा. आणि इंजिन गरम असताना झाकण उघडायचे नाही, हे कुकरवरून सर्वांना ठाऊक आहेच.

वर्गात करण्याजोगे

पहिला प्रयोग. साध्या पोलादाची दाभण किंवा पट्टी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावी. एक टोक सांडशीत धरून दुसरे स्पिरिटच्या दिव्यावर धरावे. ज्योतीकडून थंड टोकाकडे रंगांचे पट्टे सरकताना दिसतील. पुढे कोणता रंग धावतो आणि मागून कोणता येतो, हे विद्यार्थ्यांना लिहून ठेवायला सांगावे. मग त्यांनाच विचारावे, थर कुठे पातळ आणि कुठे जाड आहे?

दुसरा प्रयोग शिक्षकांनी स्वतः उभे राहून करून घ्यावा. प्रयोगशाळेचे साहित्य पुरवणाऱ्यांकडून टायटॅनियमच्या तारेचे तीन तुकडे मिळवावेत. पाण्यात थोडा खाण्याचा सोडा विरघळवावा. मीठ वापरू नये, त्यातून क्लोरीन सुटतो. तार ९ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकाला आणि स्टीलचा चमचा ऋण टोकाला जोडावा. दोन्ही द्रावणात बुडवावेत, पण एकमेकांना लागू देऊ नयेत. पहिल्या तुकड्याला एक बॅटरी, दुसऱ्याला एकापुढे एक जोडलेल्या दोन आणि तिसऱ्याला तीन वापराव्यात. पिवळसर तपकिरी, जांभळ्याकडे झुकणारा आणि निळा असे रंग काही सेकंदांतच उमटतील. तीन बॅटऱ्यांच्या पुढे, म्हणजे २७ व्होल्टच्या वर, वर्गात जाऊ नये. चमच्यापाशी हायड्रोजनचे बुडबुडे येतात, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ ज्योत नसावी. रंगलेल्या तारेवर बोटाचा तेलकट ठसा उमटवावा. तेवढ्या जागी रंग बदललेला दिसेल, आणि पुसून स्वच्छ केला की परत येईल. असे का, हे विद्यार्थ्यांनी वरच्या चर्चेवरून शोधावे.

तिसरे काम शोधाचे. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील गॅरेजमधून टाकून दिलेले निरनिराळे बोल्ट गोळा करावेत. चुंबक, वजनकाटा आणि मापनपात्र एवढ्याच साधनांनी त्यांचे धातू ओळखून तक्ता करावा. तक्त्यात रंगाचा रकानाही ठेवावा. सगळे बोल्ट तपासून झाल्यावर रंगाच्या रकान्यावरून धातूचा अंदाज किती वेळा बरोबर आला असता, ते मोजावे. हा आकडा विद्यार्थ्यांना त्यांच्याच हातून मिळू द्यावा. आम्ही तो येथे सांगत नाही.